शेवटच्या दोन हजेऱ्या

अवधूतचा फायदा काय होता, ते आधी बघू.

इंजिनिअरिंग ड्रॉईंगच्या सहा शीट. एकाही रेघेला हात न लावता.

कल्याणचा फायदा, बारा दिवसांची हजेरी. वर्गात पाय न ठेवता.

सौदा दोघांच्याही सोयीचा होता. वरकरणी त्यात कोणाचंच नुकसान नव्हतं.

पुढचं सगळं घडलेलं आहे. ज्याला पटणार नाही त्यानं जालन्याच्या बाहेरच्या त्या कॉलेजात जावं आणि ड्रॉईंग हॉलमध्ये मागच्या खिडकीजवळच्या टेबलावर तासभर बसून दाखवावं. साठ मुलांच्या वर्गात ते एकच टेबल रिकामं असतं. उशिरा आलेला मुलगा उभा राहतो, पण तिथं बसत नाही.

भुताच्या गोष्टीला रात्र लागते म्हणतात. या गोष्टीला लागली नाही.

तारीख चौदा नोव्हेंबर. वार शुक्रवार. वेळ सकाळचे साडेदहा. बाहेर लख्ख ऊन होतं आणि कॅन्टीनमध्ये भज्यांचा पहिला घाणा उतरत होता.

पण त्याआधी ही दोन मुलं कोण, ते सांगायला हवं.

अवधूत अंबडचा. वडील शरदचंद्र कोर्टात कारकून, आई उमा शाळेत शिक्षिका. घरात सगळ्यांचं अक्षर सुंदर, एकट्या अवधूतचं सोडून. रेघा आखायचा ड्राफ्टर हातात घेतला की त्याला घाम फुटायचा. पहिल्या शीटवर त्यानं इतकं खोडलं की कागदाला भोक पडलं. ड्रॉईंगच्या देशमाने सरांनी ती शीट उजेडाकडे धरली आणि त्या भोकातून त्याच्याकडे बघितलं. म्हणाले, "हा कोणता व्ह्यू आहे?"

कल्याण पिंपळगाव रेणुकाईचा. घरची शेती, वडील तातेराव, आई सोनूबाई, पाठची बहीण दैवशाला. मातीत वाढलेल्या त्या जाड बोटांतून अशी बारीक, सरळ रेघ निघायची की सर त्याची शीट वर्गभर फिरवायचे. पण कल्याणला गावाची ओढ भारी. पेरणी आली, जत्रा आली, गाय व्यायली, की हा निघाला.

दोघं मंठा चौफुलीजवळ एका खोलीत राहायचे. सौदा तिथंच ठरला.

"एका शीटला दोन दिवस," कल्याण म्हणाला.

"जास्त होतात."

"मंग काढ तूच. भोक पाडायला तरी कुठं पैसे पडतेत?"

ठरलं. गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने पडले. एकात शीट, एकात दिवस.

हजेरीची रीत अशी, की सर नाव घेत नसत. नंबर घेत. मान खाली, पेन रजिस्टरवर, आणि एका सुरात सेव्हन, एट, नाईन. अवधूतचा नंबर सात, कल्याणचा एक्केचाळीस. सगळा वर्ग "येस सर" म्हणायचा. कल्याण मात्र पहिल्या दिवशी गावच्या शाळेच्या सवयीनं "हाजर" म्हणाला, वर्ग हसला, आणि मग त्यानं मुद्दामच ते सोडलं नाही. त्यामुळं त्याची हजेरी द्यायची तर त्याच्यासारखंच घशातून "हाजर" काढावं लागायचं. अवधूतनं आंघोळ करता करता ते घोटून घेतलं. आठ दिवसांत इतकं जमलं की खुद्द कल्याण म्हणाला, "माझ्या मायला फोन लाव, तीबी फसंल."

एवढी काळजी घ्यायला कारण होतं. पहिल्या तासाची हजेरी ऑफिसात जायची आणि जो गैरहजर असेल त्याच्या वडिलांच्या मोबाईलवर दुपारी बरोबर दोन वाजता मेसेज जायचा.

तातेरावांना इंग्रजी येत नव्हतं. मेसेजचा अर्थ मात्र पाठ होता. आला म्हणजे पोरगं वर्गात नाही. नाही आला म्हणजे सगळं बराबर.

ऑगस्टमध्ये कल्याण तापानं खोलीत पडून होता. दोनला मेसेज गेला. सहा वाजता तातेराव दारात उभे. हातात पिशवी, पिशवीत ज्वारीच्या भाकरी आणि तापाच्या गोळ्या. भोकरदनवरून जी गाडी मिळाली ती धरून आले होते, निम्म्या वाटेत टेम्पोत उभं राहून.

"दादा, साधा ताप हाय," कल्याण म्हणाला.

"मेसेजमधी थोडीच लिहिलेलं असतंय साधा का मोठा," तातेराव म्हणाले.

दोनला मेसेज, सहाला तातेराव. पुढं हा दोघांच्यात विनोदच झाला.

तेरा नोव्हेंबरला, गुरुवारी, वर्कशॉप संपवून कल्याण खोलीवर आला आणि बॅग भरायला लागला.

"उद्या दैवशालाला बघायला पाहुणे येऊन राह्यलेत," तो म्हणाला. "दादा म्हणले, तू येऊ नको, परीक्षा जवळ आल्या. आता बहिणीला बघायला येतेत अन् मी इथं प्रिझम काढत बसू का?"

"मग काकांना सांगून जा."

"सांगितलं तर म्हणतील वापस फिर. एकदा दारात उभा राह्यलो की काय करतेत? पोहे तर देतीलच."

त्यानं वही काढली. पाच शीट झाल्या होत्या, आठ दिवस वापरले होते.

"माझे दोन दिवस तुझ्याकडं बाकी हायत. शुक्रवार, शनिवार. हिशेब बराबर."

"आणि सहावी शीट?"

अवधूतची सहावी शीट अर्धी झाली होती. कल्याणनं ती गुंडाळली, अवधूतचं नाव लिहिलेल्या काळ्या कंटेनरमध्ये सरकवली आणि ती नळी पाठीला अडकवली.

"गावी काढतो. ही सौद्यात नको धरू. ही अशीच."

मोटारसायकल सुरू झाली. कोपऱ्यावरून त्यानं मागं न बघता हात वर केला.

शुक्रवारी सकाळी ड्रॉईंग हॉलमध्ये देशमाने सरांनी रजिस्टर उघडलं.

सेव्हन. "येस सर."

थर्टी नाईन. फोर्टी.

"फोर्टी वन."

अवधूतनं वहीआड तोंड नेलं. श्वास घेतला...

आणि मागून आवाज आला.

"न्हाई..."

अगदी बारीक. विहिरीच्या तळातून कोणी बोलावं तसा.

सरांचं पेन थांबलं.

अवधूतनं घाईनं घसा खाकरला. "हाजर सर."

पेन पुढं गेलं. फोर्टी टू.

त्यानं मान वळवून बघितलं. मागच्या खिडकीजवळ कल्याणचं टेबल. रिकामं. त्याच्या शेजारी मंठ्याचा संपत, हातावर डोकं टेकून.

तास संपल्यावर अवधूत त्याच्यावर घसरला. "संप्या, मधे तोंड कशाला घालतोस? आता सापडलो असतो."

"मी?" संपत डोळे चोळत म्हणाला. "मी तर झोपल्तो. तुझ्या हाजरनंच जाग आली."

अवधूतला ते पटलं नाही. वर्गात "न्हाई" म्हणणारे संपत आणि कल्याण दोघंच, आणि कल्याण पिंपळगावात पोहे खात होता.

एक गोष्ट मात्र त्याच्या लक्षात आली. कल्याणच्या टेबलाखाली...

पाणी होतं.

ओंजळभर. गढूळ. छत कोरडं, खिडकी बंद. त्यानं वर बघितलं, खाली बघितलं आणि सोडून दिलं. झाडणाऱ्या बाईची बादली हिंदकळली असेल.

दुपारी दोन वाजता त्यानं मुद्दाम घड्याळ बघितलं. पिंपळगावात मेसेज गेला नव्हता. एक दिवस फिटला.

संध्याकाळी त्यानं कल्याणला फोन लावला. पाहुण्यांचं काय झालं विचारायला. फोन बंद. गावी गेला की त्याचा फोन बहुतेक बंदच असायचा, रेंज नसायची. अवधूतनं जेवणाचा डबा उघडला.

शनिवारी पहिला तास त्याच हॉलमध्ये, पण शीट काढायचा होता. त्या तासाला प्रत्येक टेबलावर तिरका बोर्ड उभा, त्यामुळं पुढून मागचं कोणी दिसत नाही. दुसऱ्याची हजेरी द्यायला याहून चांगली जागा नाही. अवधूत निर्धास्त होता.

थर्टी नाईन. फोर्टी.

मागं कुठंतरी थेंब पडला.

टप्...

"फोर्टी वन."

टप्...

"न्हाई आलो, सर."

या वेळी स्पष्ट. सगळ्या वर्गानं ऐकलं.

हशा पिकला. सरांनी मान वर केली. त्या सत्रात हजेरी घेताना पहिल्यांदाच.

"स्वतःच उठून सांगतोय, मी आलो नाही म्हणून?" सर म्हणाले. "इतका प्रामाणिक विद्यार्थी मी वीस वर्षांत बघितला नाही."

वर्ग आणखी हसला. हसण्याखालून आवाज पुन्हा आला. ओढत. दम लागलेला.

"न्हाई आलो, सर... लिवा."

सर खुर्चीतून उठायला लागले.

सर मागं गेले असते तर रिकामं टेबल, खाडा, दोनला मेसेज आणि सहाला तातेराव. मित्राचं बिंग फुटलं असतं. त्यानं बोर्डाच्या आड डोकं घातलं आणि आंघोळीच्या वेळी घोटलेला सगळा घसा पणाला लावला.

"हाजर सर! मजा केली, सर."

"मजा कॅन्टीनमध्ये," सर बसत म्हणाले. "फोर्टी टू."

रजिस्टरमध्ये हजेरीचा पी पडला.

इतकी हुबेहूब हजेरी अवधूतनं आधी कधी दिली नव्हती. त्याला स्वतःचं कौतुक वाटलं. सोमवारी कल्याण आला की रंगवून सांगायचं, त्यानं ठरवलं.

तास सुटल्यावर संपत त्याच्यापाशी आला. चेहरा उतरलेला.

"अवध्या, मी आज जागा होतो."

"मग?"

"माझ्या मागं भिंत हाय. बाजूचं टेबल रिकामं. आवाज त्या टेबलावरनं आला." त्यानं आवाज खाली आणला. "आवाज कल्याणचा होता, बाबा. तुझ्यासारखा न्हाई. खरा."

अवधूत हसला. पण खोलीवर जाईपर्यंत त्यानं चार वेळा फोन लावला.

बंद.

दोन वाजले. मेसेज गेला नाही. दुसरा दिवसही फिटला.

रविवारी सकाळी मेंढ्या चारणाऱ्या एका म्हाताऱ्याला कल्याण सापडला.

भोकरदनच्या पुढं नवा रस्ता झाल्यापासून जुन्या पाणंदीनं कोणी जात नाही. कल्याण मुद्दाम तिकडून गेला होता. गावच्या स्टँडवरून गेला असता तर कोणीतरी तातेरावांना आधीच कळवलं असतं, आणि दारात उभं राहून चकित करायची गंमत गेली असती. पाणंदीच्या जुन्या पुलाचा कठडा ढासळला होता. गाडी खाली नाल्यात गेली. पाय गाडीखाली, फोन पाण्यात. शुक्रवारी पाहुणे पोहे खाऊन गेले तेव्हा घराचा दिवा तिथून दोन कोसांवर होता.

डॉक्टरांनी सांगितलं ते अवधूतनं स्वतः ऐकलं. गुरुवारी संध्याकाळी पडला असावा. डोक्याला मार नव्हता. शनिवारी दुपारपर्यंत जिवंत होता.

"दुपारी किती?" कोणीतरी विचारलं.

"एक-दोनच्या सुमारास," डॉक्टर म्हणाले.

अंत्यविधीला आलेल्या प्रत्येक माणसाला तातेराव एकच सांगत होते. आवाज न चढवता, समजावून सांगावं तसं.

"मेसेज न्हाई आला ना. शुक्रवारी न्हाई, शनिवारी न्हाई. म्हणून मी बिनघोर होतो. मला वाटलं, लेकरू वर्गात हाय."

अवधूतनं मान खाली घातली होती. सोनूबाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, "तुह्या सोबतीचं गेलं रे."

सांगायला एकच वाक्य होतं, आणि ते न सांगताच त्यानं परतीची गाडी धरली.

देशमाने सरांनी हजेरीत बदल केला. चाळीसनंतर ते थेट बेचाळीस म्हणायला लागले. पण दोन आकड्यांच्या मधे जरा थांबायचे. त्या थांबण्यात वर्ग श्वास घ्यायचा नाही. मागं, खिडकीजवळ...

टप्.

एवढंच.

नऊ डिसेंबर, मंगळवार. संध्याकाळचे सहा वाजले होते. खोलीच्या दारावर थाप पडली.

अवधूतनं दार उघडलं.

तातेराव.

हातात पिशवी. पाठीला कंटेनरची काळी नळी.

"मेसेज आला," ते म्हणाले.

अवधूतला समजलं नाही.

"दुपारी दोनला. म्हणून आलो." त्यांनी जुना मोबाईल पुढं केला. "दैवशालानं वाचला, पण ती रडायलीय. तू वाच."

अवधूतनं वाचला. नेहमीचाच इंग्रजी मेसेज. आपला पाल्य कल्याण, रोल नंबर एक्केचाळीस, आज गैरहजर आहे.

खाली तारीख होती.

चौदा नोव्हेंबर.

(दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात गेला. क्लार्क अप्पारावांनी संगणकावर तीनदा बघितलं. कल्याणचं नाव यादीतून कधीच काढलेलं. चौदा तारखेला पी. मेसेज गेल्याची कुठं नोंद नाही.)

तातेराव पायरीवर बसले. आत यायला तयार होईनात.

"बाळा, एक विचारू का?" ते म्हणाले. "मला कालेजातलं काही समजत न्हाई. हा मेसेज म्हणतो लेकरू त्या शुक्रवारी आलं न्हाई. कालेज म्हणतंय आल्तं. तू त्याच्याच वर्गात होतास. तू सांग. त्या दिवशी हाजर होतं का ते?"

अवधूतच्या पायाखालची फरशी गार पडली होती.

खरं सांगायचं तर हीच वेळ होती. समोर एकच माणूस होता आणि तो ओरडणाराही नव्हता.

"होता," अवधूत म्हणाला. "हजर होता, काका."

खोलीत, त्याच्या पाठीमागं, जिथं कल्याणची गुंडाळलेली गादी अजून भिंतीला टेकून होती...

"न्हाई आलो, दादा."

अवधूत वळला नाही. त्याला वळता येईना.

तातेराव त्याच्याकडे बघत नव्हते. त्याच्या खांद्यावरून, आत, त्या कोपऱ्याकडे बघत होते. बराच वेळ. हळूहळू त्यांची मान हलली, लहान मुलाचं म्हणणं ऐकून घेताना हलते तशी.

"बरं," ते म्हणाले.

कोणाला म्हणाले, ते अवधूतला आजही माहीत नाही.

त्यांनी पाठीवरची नळी काढली. "पोलिसांनी परवा दिली. वर तुझं नाव हाय, म्हणून आणली." पिशवीतून भाकरी काढल्या, दोनच्या दोन अवधूतच्या हातावर ठेवल्या. "जेवत जा. अन् कालेज बुडवू नको."

ते गेल्यावर अवधूतनं कंटेनरचं झाकण उघडलं.

त्याची सहावी शीट. अर्धीच. पाण्याचा डाग, पण रेघा जागच्या जागी. खाली कल्याणच्या सुबक अक्षरात अवधूतचं नाव, नंबर सात.

पंचनामा करणाऱ्यांनी एवढंच बघितलं असणार. चित्राचा एक कागद.

त्यानं शीट उलटी केली.

मागं लिहिलेलं होतं. टू-एच पेन्सिलीनं, इतकं फिकट की दिव्याखाली धरल्याशिवाय दिसेना. सुरुवातीला अक्षरं ड्रॉईंगच्या पद्धतीची, वरखाली आखणी करून काढलेली.

"शुक्रवार. घड्याळात साडेदहा. हजेरी चालू असंल. न्हाई आलो, सर."

त्याखाली, "दोन वाजले. अवध्या हाजरी द्यायचं इसरला असंल तर दादांना मेसेज गेला असंल. सहापर्यंत दम धरायचा."

त्याखाली, "सहा वाजून गेले."

मग आखणी संपली होती. अक्षरं कागदभर कलत गेली होती.

"शनिवार. साडेदहा. मोठ्यानं म्हणलो. न्हाई आलो, सर. लिवा."

आणि अगदी खाली, कोपऱ्यात, जिथं सर सही करतात त्या चौकोनाच्या मागं:

"अवध्या, आज देऊ नको."

ती शीट अवधूतनं सबमिट केली नाही. ड्रॉईंगमध्ये तो नापास झाला. शरदचंद्रांनी कारण विचारलं तेव्हा म्हणाला, जमत नाही. शीट त्याच्या ट्रंकेच्या तळाशी आहे आणि पावसाळा नसतानाही तिचा डाग वाळत नाही. पण झोप उडते ती डागानं नाही. तातेराव ती नळी घेऊन पिंपळगावातून जालन्याला आले, सगळी वाट ती त्यांच्या पाठीवर होती. त्यांनी आत बघितलं होतं का? शीट उलटी केली होती का? आणि केली असेल, तर सगळं वाचून मग पायरीवर बसून त्याला विचारलं का, हाजर होतं का ते?

वहीच्या शेवटच्या पानावरचा हिशेब अजून तसाच आहे.

अवधूतला पाच शीट मिळाल्या. कल्याणला दहा दिवस मिळाले. त्यातले शेवटचे दोन त्यानं परत केले होते, ते कोणी घेतले नाहीत.

आणि ज्यानं ना शीट मागितली ना हजेरी, तो माणूस रोज दुपारी दोन वाजता शेतातलं काम थांबवतो, बांधावर बसतो आणि मोबाईल हातात धरतो.

मेसेज येत नाही.